घटना विसरली, तरी तिची भावना मागे कशी उरते?

पारंबी
बाबांना अल्झायमर आहे. धाकटी बहीण भेटायला आली की ते खूश असतात, गप्पा मारतात, हसतात. ती गेल्यावर थोड्या वेळाने विचारलं तर "कोणी आलंच नव्हतं" म्हणतात. पण त्यांचा चेहरा मात्र पुढे बराच वेळ फुललेला असतो. उलटही होतं. मी वैतागून आवाज चढवला, तर तो प्रसंग ते काही मिनिटांत विसरतात, पण गप्प आणि दुखावलेले राहतात. का, हे त्यांना सांगता येत नाही.
मी लिंबिक सिस्टीमबद्दल, म्हणजे भावना आणि स्मृतीशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागांबद्दल, थोडं वाचलं. हिपोकॅम्पस, अमिग्डला, हायपोथॅलॅमस ही नावं कळली. माझा प्रश्न असा की प्रसंगच आठवत नसेल तर भावना कशाच्या आधारावर टिकते? दोन्ही मेंदूत वेगवेगळ्या जागी असतात का? या विषयातल्या जाणकारांनी आणि घरात असं माणूस सांभाळणाऱ्यांनी, दोघांनीही लिहावं.

शेवटचा बाक
वाचतोय. फार जवळचा विषय आहे.

टिपकागद
पारंबी, तुम्ही जे पाहताय ते संशोधनात मोजलं गेलं आहे. 2010 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हिपोकॅम्पसला इजा झालेल्या काही रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने फितींमधलं त्यांना जवळपास काही आठवत नव्हतं, पण मनावरचं दुःख किंवा आनंद कायम होता. 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष तोच निघाला. त्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करणारी वाटली. ज्यांना फीत कमी आठवत होती, त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. आपण उदास का आहोत हे माहीत असलं की माणूस स्वतःची समजूत घालू शकतो. कारणच हरवलं तर समजूत कशाची घालणार?
आता जागांबद्दल. कानाच्या पातळीला मेंदूचा जो बाजूचा भाग असतो, त्या टेम्पोरल लोबच्या पोटात हिपोकॅम्पस असतो आणि त्याच्या पुढच्या टोकाला लागून अमिग्डला. दोघे शेजारी आहेत, एकमेकांशी सतत बोलतात, पण कामं वेगळी आहेत. काय घडलं, कुठे, कधी, कोणासोबत, हे एकत्र बांधणं हिपोकॅम्पसचं काम. ते आपल्यासाठी किती महत्त्वाचं, धोक्याचं की हवंसं, हे ठरवण्यात अमिग्डलाचा मोठा वाटा असतो. अल्झायमरमध्ये पेशींची झीज आधी एन्टोरायनल कॉर्टेक्सपासून सुरू होते. हिपोकॅम्पसकडे माहिती त्याच भागातून जाते. म्हणून नवे प्रसंग नोंदले जाणं सगळ्यात आधी थांबतं. अमिग्डला या आजारातून सुटतो असं नाही, पण भावना उमटण्याची क्षमता बरीच पुढेपर्यंत शाबूत राहते.

वळचण
माझ्या सासूबाईंना नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण हातात सुया दिल्या की विणकाम बिनचूक चालतं. टाके मोजायला विसरतात, हात मात्र थांबत नाहीत. हेही हिपोकॅम्पस सोडून दुसरीकडे असतं का?

टिपकागद
@वळचण, हो. हातांच्या सवयी आणि कौशल्यं बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातले पेशींचे पुंजके) व लहान मेंदूच्या आधाराने चालतात. हे पहिल्यांदा ठामपणे कळलं ते हेन्री मोलेसन या रुग्णामुळे. शास्त्रीय लेखनात बरीच वर्षं त्यांचा उल्लेख फक्त एच. एम. असाच व्हायचा. फिट्स आवरत नव्हत्या म्हणून 1953 मध्ये, त्यांच्या वयाच्या 27व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या सर्जनने दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग आणि अमिग्डला काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवं काही मनात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दररोज ते "हे मी आधी कधी केलं नाही" म्हणायचे आणि दररोज हात आधीपेक्षा सफाईने चालायचा. हाताला जे येत होतं ते त्यांना स्वतःला ठाऊकच नव्हतं. 2008 मध्ये ते गेले. आज आपण स्मृतीबद्दल जे जाणतो त्याचा फार मोठा हिस्सा त्या एका माणसाच्या सहनशीलतेवर उभा आहे.
त्यांच्याबद्दल एक कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे पोट भरलंय की भूक लागलीय हेही त्यांना नीट सांगता येत नसे. म्हणजे गेलं ते फक्त आठवणींचं यंत्र नव्हतं.

गोफण
माहिती उत्तम आहे, पण "लिंबिक सिस्टीम" हा शब्द वापरताना आपण सावध राहायला हवं असं माझं मत आहे. त्याचा इतिहास बघा. 1878 मध्ये पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या मधल्या गाभ्याभोवतीच्या कडेला लिंबिक लोब म्हटलं, ते फक्त रचनेवरून. 1937 मध्ये जेम्स पेपेझ यांनी भावनांचा मार्ग म्हणून एक वर्तुळ मांडलं. हिपोकॅम्पसकडून फोर्निक्स या तंतूंच्या जुडग्यामार्गे मॅमिलरी बॉडीज (हायपोथॅलॅमसमागचे दोन छोटे उंचवटे), तिथून थॅलॅमस या माहिती पुढे पोचवणाऱ्या केंद्राचा पुढचा भाग, मग सिंग्युलेट (मेंदूच्या आतल्या बाजूचा पट्टा) आणि परत हिपोकॅम्पस. 1952 मध्ये पॉल मॅकलीन यांनी त्यात अमिग्डला वगैरे भाग जोडून "लिंबिक सिस्टीम" हे नाव दिलं. पुढे त्यांनीच मेंदूचे तीन मजले मांडले: खाली सरपटणाऱ्या प्राण्याचा, मध्ये भावनिक, वर विचारी.
गंमत बघा, पेपेझचं भावनेचं वर्तुळ पुढे मुख्यतः स्मृतीचं निघालं. थायमिनच्या कमतरतेने मॅमिलरी बॉडीज आणि थॅलॅमस खराब झालेल्या, कोर्साकोफ आजाराच्या रुग्णांची मुख्य तक्रार स्मृतीची असते. आणि तीन मजल्यांची कल्पना तर उत्क्रांतीच्या अभ्यासात टिकलीच नाही. मासे, पक्षी, सरपटणारे प्राणी, सगळ्यांच्या मेंदूत हिपोकॅम्पसशी नातं सांगणारे भाग आहेत. जुन्या मेंदूवर नवा मेंदू चढवला असं कधी झालं नाही. तरीही प्रत्येक व्याख्यानात "तुमच्या आतला सरडा जागा झाला" हे ऐकायला मिळतंच. याचा मला खरोखर राग येतो, कारण त्यातून भावना म्हणजे काहीतरी खालच्या दर्जाची, दाबून टाकण्याची गोष्ट आहे असा समज घट्ट होतो.

शेवटचा बाक
सरड्यांच्या वतीने गोफण यांचे जाहीर आभार :)

निरभ्र
@गोफण, मग "अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र" हेही चुकीचं का? शाळेच्या पुस्तकापासून हेच वाचलंय.

गोफण
अपुरं आहे. एस. एम. नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंचा अभ्यास 1994 पासून प्रसिद्ध होतोय. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात त्यांचे दोन्ही अमिग्डला नष्ट झाले. साप हातात घेतील, धोकादायक माणसाजवळ निर्धास्त उभ्या राहतील. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना ओळखता येत नसे. पण नंतर लक्षात आलं की त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. "डोळ्यांकडे बघा" असं मुद्दाम सांगितल्यावर त्यांना भीती ओळखता आली. आणि 2013 मध्ये त्यांना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा एका श्वासापुरती दिली, तर त्या घाबरून गुदमरल्या. म्हणजे अमिग्डलाशिवाय भीती वाटू शकते. बाहेरचा धोका हेरून त्याकडे लक्ष वळवणं, शरीराला सज्ज करणं, यात त्याचं काम मोठं. आनंदाच्या, बक्षिसाच्या गोष्टींनाही तो प्रतिसाद देतो. प्रत्येक भावनेला मेंदूत एकेक राखीव खोली आहे असं चित्र आजवरच्या स्कॅनच्या अभ्यासांतून दिसत नाही.

टिपकागद
@गोफण, तीन मजल्यांबद्दल पूर्ण सहमत. पण म्हणून "लिंबिक" हा शब्दच टाकून द्यावा असं मला वाटत नाही. दवाखान्यात तो उपयोगी पडतो. लिंबिक एन्सेफलायटिस (या भागांना येणारी सूज) म्हटलं की डॉक्टरच्या डोळ्यांसमोर एकदम चित्र उभं राहतं: थोड्या दिवसांत बिघडलेली स्मृती, बदललेला स्वभाव, फिट्स. हे भाग एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की आजारही त्यांना एकत्र पकडतो. नाव सैल आहे, पण निरुपयोगी नाही.

गोफण
दवाखान्यापुरतं मान्य. व्याख्यानांसाठी नाही.

काजवा
इथे प्रेरणेबद्दल कोणीच लिहिलं नाही. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना? हल्ली जो तो "डोपामिन डिटॉक्स" करतोय. उंदराच्या मेंदूत तार घातली आणि तो खटका दाबतच राहिला, तो प्रयोग कोणता?

गोफण
1954, जेम्स ऑल्ड्स आणि पीटर मिल्नर, मॅकगिल विद्यापीठ. हे मिल्नर म्हणजे ब्रेंडा मिल्नर यांचे त्या वेळचे पती. उंदराच्या मेंदूतल्या सेप्टल भागात (पुढच्या बाजूच्या खोल भागात) तार होती. खटका दाबला की विजेचा हलका झटका तिथे पोचायचा. काही उंदीर तासाला शेकडो-हजारो वेळा दाबत राहिले. सगळ्यांनी याला "सुखाचं केंद्र" म्हटलं.
पण दाबत राहणं म्हणजे आवडणंच असेल कशावरून? केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं. ते उंदीर समोरचं अन्नही खायला पुढे येत नसत, भरवलं नाही तर उपाशी मेले असते. तरी जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की ते नेहमीसारखेच ओठ चाटायचे. आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. डोपामिन मुख्यतः ओढीचं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशी नोंदल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला रस मिळाल्यावर पेशी चेततात. पण दिवा लागला की रस मिळतो हे कळल्यावर त्या दिवा लागतानाच चेततात, रसाच्या वेळी गप्प. आणि अपेक्षित रस आलाच नाही तर त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. जे हाती आलं ते अपेक्षेपेक्षा जास्त की कमी, याचा हिशोब त्या ठेवतात.
म्हणून "डिटॉक्स" हा शब्द चुकीचा. डोपामिन हे विष नाही, ते शरीरातून काढायचं नसतं. मोबाईल दूर ठेवण्याने सवयीचे इशारे कमी होतात, तो फायदा खराच.

काजवा
ओढ आणि आवड वेगळी, हे वाचून डोक्यात बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. न आवडणारे व्हिडिओ माणूस रात्री एकापर्यंत का बघतो, त्याचं उत्तर मिळालं.

उन्हाची तिरीप
या धाग्यावर एक गोष्ट लिहायलाच हवी. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरणं कमी व्हावं म्हणून डोपामिनसारखं काम करणारं औषध सुरू झालं. चालणं खूपच सुधारलं. पण काही महिन्यांनी आईच्या लक्षात आलं की ते रात्री उठून फोनवर जुगाराचे खेळ खेळतात. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस! आम्हाला वाटलं म्हातारपणी स्वभाव बिघडला. भांडणं झाली, नातेवाइकांनी बोल लावले. आम्ही डॉक्टरांना सांगितलंही नाही, कारण याचा औषधाशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्वतःच "खरेदी, जुगार, खाणं यात काही बदल?" असं विचारलं आणि आई रडायलाच लागली. औषध हळूहळू बदललं, ती ओढ ओसरली.
जिंकल्याचा आनंद त्यांना होत होता का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "नाही रे. पण थांबताच येत नव्हतं."
ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी कृपया लक्ष ठेवा आणि लाज न बाळगता डॉक्टरांशी बोला. औषध मनाने एकदम बंद मात्र करू नका, तेही धोक्याचं असतं.

वळचण
उन्हाची तिरीप, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. किती घरांत माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जात असेल.

दुपारसावली
थोडं अवांतर. वासाने जुनं सगळं एकदम का उसळून येतं? मला अजूनही एका विशिष्ट साबणाच्या वासाने आजी आठवते. चित्र नंतर येतं, आधी पोटात कालवतं.

टिपकागद
बाकीच्या ज्ञानेंद्रियांची माहिती आधी थॅलॅमसमध्ये जाते आणि तिथून पुढे. वासाचा मार्ग थॅलॅमस टाळून थेट अमिग्डला आणि एन्टोरायनल भागापर्यंत पोचतो. "आधी पोटात कालवतं" हे निरीक्षण अगदी नेमकं आहे. अमिग्डला हायपोथॅलॅमसला आणि मेंदूच्या बुंध्याला कळवतो आणि छातीतली धडधड, पोटातली हालचाल सुरू होते. हायपोथॅलॅमस जेमतेम 4 ग्रॅमचा असेल, पण तहान, भूक, तापमान, संप्रेरकं, सगळ्यांवर त्याचं नियंत्रण. आणि हो, अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची क्षमता अनेकदा लवकर कमी होते.

काजवा
म्हणजे ज्या प्रसंगाला भावना चिकटते तो कायमचा आणि जसाच्या तसा कोरला जातो, बरोबर?

गोफण
कोरला जातो हे अर्धं खरं, जसाच्या तसा हे नाही. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून "बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता" हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदललेली, पण खात्री मात्र पक्की. काहींना स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी पटेना.

टिपकागद
आणि तरीही स्मृतीचे अभ्यासक जेम्स मॅगॉ यांचं काम विसरू नका. ताणात अॅड्रिनल ग्रंथींतून येणारी संप्रेरकं अमिग्डलामार्फत हिपोकॅम्पसच्या नोंदीला बळ देतात. गाभा पक्का होतो, तपशील बदलतात. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

निरभ्र
गोफण, टिपकागद, तुम्ही दोघं रोज भांडा. आमचा फायदा आहे.

पारंबी
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. पण माझ्या प्रश्नाचा एक भाग अजून राहिलाय. चित्रफितीची भावना थोडा वेळ टिकते हे कळलं. बाबांच्या बाबतीत तर असं होतं की एक विशिष्ट मदतनीस आला की ते अंग चोरून घेतात. त्याचं नाव, तो काय करतो, काहीच आठवत नाही. "हा कोण?" म्हणतात. आणि तरी मागे सरकतात. हे दिवसेंदिवस टिकून आहे. ही तर स्मृतीच झाली ना?

टिपकागद
हो, ही स्मृतीच आहे, फक्त शब्दांत न येणारी. 1911 मध्ये एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरने कोर्साकोफ झालेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपवली. पुढच्या वेळी ती त्याला ओळखत नव्हती, टाचणीही आठवत नव्हती, पण तिने हात पुढे करायला नकार दिला. (आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच.)
1995 मध्ये हेच नीट वेगळं करून दाखवलं गेलं. एक ठरावीक रंग दिसला की कर्कश भोंगा वाजायचा. हिपोकॅम्पस गेलेल्या रुग्णाला कुठल्या रंगानंतर भोंगा वाजतो ते सांगता येईना, पण तो रंग दिसताच त्याच्या तळहाताला सूक्ष्म घाम यायचा. अमिग्डला गेलेल्या रुग्णाला रंग बरोब्बर सांगता आला, पण शरीर अजिबात हललं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. माहिती आणि भावना एकाच प्रसंगातून दोन वाटांनी आत जातात, आणि एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते.
म्हणून त्या मदतनिसाबद्दल जरूर चौकशी करा. कदाचित तो फक्त घाईत हात ओढत असेल, थंड पाणी अंगावर घालत असेल. पण "त्यांना कुठे आठवतंय" म्हणून दुर्लक्ष करू नका. शरीर काहीतरी सांगतंय.

वळचण
माझा अनुभव याला जोडते. सासूबाईंना "आठवतंय का?" विचारणं आम्ही घरात बंद केलं. त्या प्रश्नाने त्या ओशाळायच्या आणि ओशाळलेपण दिवसभर राहायचं. आता खोलीत शिरताना मी स्वतःच नाव आणि नातं सांगते. अंघोळीच्या वेळी आरडाओरडा व्हायचा, तर बाई बदलली, पाणी आधी हातावर घ्यायला दिलं. हळूहळू विरोध मावळला. तो कधी मावळला हे त्यांना सांगता येणार नाही, पण अंगाला कळलंय.

शेवटचा बाक
मी एरवी फक्त वाचतो, पण आता विचारतो. माझ्या काकांचं उलट आहे. राग नाही, भीती नाही, काहीच नाही. दिवसभर खुर्चीत. काकू म्हणतात, "आळशी झालेत, मुद्दाम करतात." स्मृती त्यांची तितकीशी वाईट नाही.

टिपकागद
याला उदासीनता म्हणतात आणि अल्झायमरसह अनेक आजारांत ती सर्रास दिसते. सिंग्युलेटचा पुढचा भाग आणि बेसल गँग्लियाचा खालचा भाग मिळून इच्छेला कृतीपर्यंत नेतात. तिथे बिघाड झाला की माणसाला करता येतं, पण सुरू करता येत नाही. सिंग्युलेटला दोन्ही बाजूंनी मोठी इजा झाली तर माणूस जागा असूनही बोलत नाही, हलत नाही. काकांचं तेवढं नाही, पण जात तीच असू शकते. यात "मुद्दाम" काही नसतं, हे काकूंना समजावून सांगा.

गोफण
नैराश्य आणि ही उदासीनता एकच समजू नका, हेही सांगा. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. इथे बऱ्याचदा दुःखही नसतं. उपचार वेगळे पडतात, म्हणून डॉक्टरांना दाखवणं गरजेचं. थायरॉइडही तपासून घ्या.

शेवटचा बाक
दुःख नाही, हे अगदी बरोबर. मग घरी काय करावं?

टिपकागद
"तुम्हाला काय करायचंय?" असं विचारू नका, त्याचं उत्तर तयार करणंच त्यांना जमत नाही. चपला समोर ठेवा, हात धरा आणि "चला, एक फेरी मारू" म्हणा. सुरुवात तुम्ही करून दिलीत तर पुढचं बरंचसं ते स्वतः करतील. वेळ रोज एकच ठेवा. आणि पुढच्या तपासणीला काकूंनाही सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला राग लवकर निवळतो.

शेवटचा बाक
उद्याच काकूंना फोन करतो.